अपडाउनचा इतिहास

आमच्याकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलाची चौकशी एका प्रश्नावर संपत नाही. ‘काय करतो?’ या प्रश्नाला ‘देवळ्याला बी.ए.ला आहे’ असं उत्तर मिळालं, की विचारणारा लगेच पुढचं विचारतो, ‘राहतो, की अपडाउन करतो?’ अपडाउन हा शब्द मूळचा रेल्वेचा. आमच्या देवळ्याला रेल्वे कधी आली नाही, पण हा शब्द मात्र आला आणि घराघरात रुजला. सकाळी गावातून निघायचं, शिकायचं आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचं, याला कसमादे पट्ट्यात अपडाउन म्हणतात. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. नाशिक जिल्ह्यातले हे चार तालुके एका दमात उच्चारण्याची आमची ही पद्धत.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, तहांची कलमं पाठ करून घेतली. पण समोरच्या बाकांवर बसलेली मुलं तिथवर कशी पोहोचली, हाही इतिहासाचाच विषय आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी नोकरीला लागलो तेव्हा कॉलेजच्या भिंतीला सायकली टेकलेल्या असत. निवृत्त झालो त्या दिवशी त्याच भिंतीशी मोटारसायकलींच्या तीन रांगा होत्या. या दोन दृश्यांच्या मध्ये जे घडलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. १८७५ साली कोकणातल्या मुरूडहून काही मुलं परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली. कुंभार्ली घाट ओलांडून, शंभराहून जास्त मैल, पायी. त्यांच्यातला एक मुलगा साताऱ्याला पोहोचला खरा, पण अंगानं इतका लहान दिसत होता, की तो सतरा वर्षांचा आहे हे परीक्षकांना पटलं नाही. त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. त्या मुलाला पुढे महाराष्ट्र महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून ओळखू लागला. शिक्षणाची पहिली किंमत त्या काळी पायांनी मोजावी लागे, हे सांगण्यासाठी या गोष्टीइतकी बोलकी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

आमच्या भागाचं काय होतं? नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झालं. देवळा तेव्हा कळवण तालुक्यातलं एक गाव होतं. १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झाला, तोवर ते तसंच राहिलं. इथल्या मुलाला कॉलेजात जायचं म्हणजे घर सोडायचं, एवढाच अर्थ होता. रोज जाऊन-येऊन शिकणं कल्पनेतही नव्हतं. म्हणून त्या काळच्या शिक्षणप्रसारकांनी शाळेइतकाच बोर्डिंगाचा विचार केला. १९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. उदोजी मराठा बोर्डिंगात खेड्यापाड्यातली मुलं राहू लागली. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील वसतिगृहाच्या बळावरच बहुजनांचं शिक्षण उभं करत होते. अंतरावर त्या पिढीनं शोधलेला हा उपाय होता. रोज येता येत नाही ना, मग इथेच राहा.

उपाय मोठा होता, पण त्यात दोन अडचणी होत्या. जागा मोजक्या असत आणि बोर्डिंगं मुख्यतः मुलांची असत. मुलीला परगावी ठेवायचं हा विचार आमच्या घरांत बोललासुद्धा जात नसे.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. नाशिक जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेत आला आणि आजही आहे. शेजारचे धुळे, जळगाव १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले, आम्ही मात्र गणेशखिंडीलाच जोडलेले राहिलो. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ती दगडी इमारत आणि जुनी झाडं येतात. पण विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी त्या झाडांखाली कधी बसलेलेच नसतात. ते देवळा, चांदवड, कळवण, सटाणा अशा गावांतल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. गणेशखिंड त्यांना दिसते ती गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यात. फार तर एखाद्या प्रमाणपत्रासाठी रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाऊन, दिवसभर रांगेत उभं राहून, पुन्हा रात्रीच्या गाडीनं परतणं. मीही तसा एकदा गेलो होतो. माझ्या विद्यापीठाचं पहिलं दर्शन मला पदवी मिळाल्यानंतर घडलं.

मग या मुलांना विद्यापीठाशी रोज जोडत कोण होतं? माझं उत्तर सरळ आहे. एसटी.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या नगरला आज आपण अहिल्यानगर म्हणतो. पण मोठ्या रस्त्यावर गाडी धावणं आणि ती गावात येणं यात पुष्कळ वर्षांचं अंतर होतं. गाडी गावात येण्यासाठी आधी रस्ता गावात यावा लागतो. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी तो कसा आला, ते आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरं विकली गेली आणि माणसं दुष्काळी कामावर गेली. त्याच काळात राज्यानं रोजगार हमी योजना हाती घेतली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या कामांवर बायामाणसांनी उन्हात बसून खडी फोडली. माझ्या आईच्या उजव्या हाताच्या तळव्याला त्या खडीचा घट्टा अखेरपर्यंत होता. ती शाळेत कधी गेली नाही. तिनं फोडलेल्या खडीवरून पुढे गाडी आली आणि त्या गाडीनं मी कॉलेजात गेलो.

गाडी आली, ती मुक्कामी. हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित समजावून सांगावा लागेल. संध्याकाळची शेवटची गाडी गावात येई आणि तिथेच रात्र काढी. चालक-वाहक मारुतीच्या देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपत. कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना भाकरी जाई. पहाटे सहाला गाडी परत निघे. टपावर भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या किटल्या, आत विद्यार्थी. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा आमच्या गल्लीत ‘गाडी उनी, गाडी उनी’ असा गलका झाला होता आणि म्हाताऱ्या बायांनी तिच्या नाकाडावर हळद-कुंकू वाहिलं होतं. गावाला घड्याळ मिळालं ते त्या दिवशी. ‘सहाची गाडी गेली का?’ यावरून लोक वेळ सांगू लागले.

गाडीबरोबर पास आला. विद्यार्थ्यांना भाड्यात दोन-तृतीयांश सवलत, म्हणजे रुपयाच्या जागी पाच-साडेपाच आणे. मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना शेतकऱ्याला कॉलेजची फी वर्षातून एकदा आठवे, पासाचे पैसे मात्र दर महिन्याला. पासाची तारीख आणि कांद्याची पट्टी यांचा मेळ बसला नाही, तर मुलगा चार दिवस घरी राही. पुढे ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आला, आधी दहावीपर्यंत आणि नंतर बारावीपर्यंत. समाजसुधारणेची शंभर भाषणं जे करू शकली नाहीत, ते त्या हातभर लांबीच्या प्रवासानं केलं. मुलीला परगावी ठेवायला बाप तयार नव्हता. सकाळी जाऊन दुपारी परत यायला मात्र तो हो म्हणाला, कारण गाडीत गावातलीच दहा पोरं-पोरी होती, वाहक ओळखीचा होता आणि गाडी थेट गावात येऊन थांबत होती. बोर्डिंगानं मुलांना शिकवलं असेल, तर आमच्या भागातल्या मुलींना अपडाउननं शिकवलं, असं मी म्हणतो ते या अर्थानं.

मी शिकवायला लागलो आणि मला कळलं, की कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्य करत नाहीत. ते कळवण, सटाणा आणि मालेगाव आगारांत ठरतं. सकाळचा पहिला तास गाड्या येईपर्यंत अर्धा रिकामा आणि शेवटचा तास गाडीच्या वेळेला अर्धा रिकामा. शेवटच्या तासाला मी चांगले विषय ठेवत नसे. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचं, तर पात्रं गावच्या मुलांतून निवडावी लागत, कारण तालमीला संध्याकाळी थांबणार कोण? ग्रंथालयात बसून वाचणारी मुलंही गावचीच. अपडाउन करणारी मुलं पुस्तक घेऊन गाडी गाठत आणि गाडीत वाचत. एकदा मी एका मुलीला जरा रागानंच विचारलं, ‘रोज दहा मिनिटं आधी का उठतेस?’ ती म्हणाली, ‘सर, ही गाडी गेली तर पुढची संध्याकाळी. उशिरा घरी गेले तर उद्यापासून येणंच बंद होईल.’ त्या दिवसापासून मी तिचा प्रश्न तासाच्या सुरुवातीला घेऊ लागलो. हजेरीपटात गैरहजेरीचं कारण लिहायला रकाना नसतो. असता, तर निम्म्या ठिकाणी ‘गाडी’ असं लिहावं लागलं असतं.

आता सायकलींकडे येतो. पाच-सात किलोमीटरवरची मुलं सायकलनं येत. मीही दोन वर्षं आलो. वडिलांची जुनी, दांडीची सायकल, मागे कॅरिअरला डबा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, की सायकल खांद्यावर. सायकलला वेळापत्रक नव्हतं हा तिचा मोठा गुण. पण आमच्या वर्गातल्या एकाही मुलीनं तेव्हा सायकल वापरली नाही. तशी मनाई कोणी केलेली नव्हती, पण परवानगीही कोणी दिलेली नव्हती.

पुढे काळ बदलला. १९७२ मध्ये लूना निघाली होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी शंभर आली, थोड्या पेट्रोलवर लांब जाणारी. आधी ती गुरुजींकडे आली, मग ग्रामसेवकाकडे. नंतर कांद्यानं एखादं वर्ष साथ दिली, डाळिंबाचा पैसा आला, आणि गाडी बागायतदाराच्या मुलाकडे गेली. त्याच सुमाराला रस्त्यावर काळीपिवळी आणि कमांडर जीप धावू लागल्या. मागच्या पायरीवर एका पायावर उभी राहिलेली मुलं घेऊन त्या सौंदाण्याच्या आणि लोहोणेरच्या रस्त्यानं जात. नंतर तीनचाकी अ‍ॅपे रिक्षा आली. एसटी वेळेवर येई, जीप भरल्यावर निघे. पण जीप कुठेही थांबे आणि कधीही मिळे, म्हणून लोक तिच्यात बसत.

इथे या इतिहासाला वळण मिळालं आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. मुलाला मोटारसायकल मिळाली. त्याच्यामागे त्याचे दोन मित्र बसले. तिघांनी पास काढणं सोडलं. गाडीतली तीन आसनं रिकामी झाली, मग सहा, मग दहा. एसटीत एक शब्द आहे, भारमान. गाडी किती भरली, याचा तो हिशेब. भारमान घसरलं, की फेरी तोट्यात जाते आणि तोट्यातली फेरी कधी ना कधी बंद होते. फेरी बंद झाल्याचा मोटारसायकलवाल्या मुलाला त्रास झाला नाही, त्याला ते कळलंही नाही. कळलं ते त्याच्या बहिणीला. तिच्याकडे गाडी नव्हती आणि तिला जीपच्या पायरीवर उभं राहता येत नव्हतं. एकाच घरात भावाचं अंतर कमी झालं आणि बहिणीचं वाढलं. यात कोणी वाईट वागलं नाही. प्रत्येकानं आपापल्या सोयीचं तेच केलं. मीही केलं. पगार वाढल्यावर मी दुचाकी घेतली आणि सहाच्या गाडीतलं माझं आसन मोकळं केलं.

ही माझी एकट्याची समजूत नाही. २००६ मध्ये बिहार सरकारनं नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण तीसेक टक्क्यांनी वाढलेलं त्यांना आढळलं, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत होती. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. घरापासूनचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली जास्त चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज निवडतात, असं त्यांना दिसलं. मुलांच्या बाबतीत तसं नव्हतं. देशाच्या राजधानीत हे होत असेल, तर भावडबारी घाटाच्या अलीकडे-पलीकडे काय होत असेल, याचा विचार करा. आमच्या मुलींनी ‘मला आर्ट्सच आवडतं’ असं सांगितलं, तेव्हा मी ते खरं मानलं. आज वाटतं, त्यातल्या काहींना विज्ञान आवडत असेल. पण विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी असतात आणि परतीची गाडी त्याआधी असते.

२८ जानेवारी २०२० ही तारीख आमच्या तालुक्यात कोणी विसरणार नाही. मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशीजवळ एसटी बस आणि अ‍ॅपे रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. २६ माणसं गेली. त्या रात्री विहिरीभोवती दोर घेऊन उभे राहिलेले लोक मला आठवतात. रस्त्याची रुंदी, कडेच्या विहिरी, कठडे यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. माझ्या मनात मात्र एकच येत होतं. रोज सकाळी मुलाला डबा देऊन निरोप देणारी आई किती मोठा विश्वास टाकत असते.

दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि कॉलेजं बंद झाली. ती पुन्हा उघडली २० ऑक्टोबर २०२१ रोजी. मुलं दीड वर्षानं वर्गात येणार, तोच त्या महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची दुःखं खरी होती. कमी पगारात भर पहाटे गाडी काढणाऱ्या माणसांना मी अनेक वर्षं जवळून पाहिलं आहे. पण त्या सहा महिन्यांत एसटी म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. ज्यांच्या घरी दुचाकी होती ते आले. काहींनी देवळ्यात खोली घेतली, म्हणजे पुन्हा बोर्डिंगाचा काळ आला. माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. ती संप मिटेपर्यंत घरी राहिली आणि संप मिटला तोवर तिचं लग्न ठरलं होतं. संपामुळेच ठरलं असं मी म्हणणार नाही. पण ती रोज सहाच्या गाडीनं जात असती, तर बोलणी जरा लांबली असती, एवढं नक्की.

याला इलाज काय, असं कोणी विचारेल. काहींनी विद्यापीठच घरी नेण्याचा प्रयत्न केला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि नोकरी-शेती-संसार सांभाळणाऱ्या असंख्य लोकांना पदवीचा रस्ता मिळाला. पण अभ्यासकेंद्रावर यायला त्यांनाही गाडीच लागते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात २०१७ मध्ये भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली होती. तिचं मोठं कौतुक झालं आणि काही वर्षांत शहरातल्या तसल्या योजना गुंडाळल्या गेल्या. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेतात. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्या पुन्हा भरल्या. पण सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. गाडीच आली नाही, तर सवलतीचं काय करायचं?

मला वाटतं, आपण हिशेब चुकीच्या वहीत मांडतो. गावातून सकाळी सुटणाऱ्या फेरीचा तोटा परिवहनाच्या खात्यावर लिहिला जातो. तो शिक्षणाच्या खात्यावर लिहायला हवा. शाळेच्या इमारतीला किती नफा झाला, असं आपण विचारत नाही. मग त्या इमारतीपर्यंत नेणाऱ्या गाडीला का विचारतो? कॉलेजांनी आपलं वेळापत्रक आणि आगारांनी आपलं वेळापत्रक जूनच्या आधी एकदा समोरासमोर ठेवून बघितलं, तरी बिनखर्चात पुष्कळ काम होईल. आणि दुपारच्या प्रात्यक्षिकानंतर एक गाडी असावी, एवढी मागणी फार मोठी नाही.

परवा एका लग्नात जुना विद्यार्थी भेटला. त्याची मुलगी यंदा बारावी झाली. शेजारच्या बाईंनी तिला विचारलं, ‘पुढे काय?’ ती म्हणाली, ‘चांदवडला इंजिनिअरिंग.’ बाईंनी लगेच पुढचं विचारलं, ‘राहणार, की अपडाउन करणार?’ मी शेजारीच बसलो होतो. हा प्रश्न माझ्या आईला कोणी विचारला नव्हता, माझ्या बहिणीलाही नाही. तो त्या मुलीला विचारला गेला, याचंच मला बरं वाटलं. मुलगी बापाकडे न बघता म्हणाली, ‘गाडीचं टायमिंग बघून ठरवू.’